तणमोरासाठी लावलेली झाडं

माझ्या ताईचं घर आणि माझा तणमोर एकाच माळावर येऊन अडले. दोष दोघांचाही नव्हता.

ताई आणि भाऊजी लग्नापासून शहरात धंतोली भागात भाड्याने राहत. शेजारचं इस्पितळ वाढत वाढत त्यांच्या भिंतीला येऊन टेकलं आणि घरमालकाने जागा इस्पितळाला विकली. आपल्या स्वयंपाकघरात आता एक्स-रे काढणार हे कळल्यावर ताई म्हणाली, "इतकी वर्षं मी इथं फोडण्या देल्या, आता लोकायची हाडं पाहा म्हणा." विनोद करून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

भाऊजींनी शहराबाहेर नव्याने आखलेल्या वसाहतीत, म्हणजे लेआउटमध्ये, प्लॉट घेतला. घर उभं होईपर्यंत दोघं पुतण्याकडे एका खोलीत राहिले. ताईचा सगळा संसार दोरीने बांधलेल्या खोक्यांत. प्लॉटला लागून मोठं गवताळ रान होतं. सरकारी भाषेत आमच्याकडे अशा जमिनीला झुडपी जंगल म्हणतात. त्यामुळे जंगलवाले तिला जंगल मानत नाहीत आणि बाकीचे जमीन मानत नाहीत.

त्या रानात पावसाळ्यात तणमोर येई. कोंबडीएवढा पक्षी, आता जगात मोजकेच उरलेले. नराची मान काळीभोर, डोक्यामागे दोन्ही बाजूंना वळलेली बारीक पिसं. मादीला दिसावं म्हणून तो गवतातून सरळ वर उसळतो, क्षणभर हवेत पाय दुमडतो आणि पुन्हा गवतात पडतो. दिवसभर हेच. त्याची हौस पाहून मला संकोच वाटे, पण मी पाहत राही. आम्ही चौघे सेवानिवृत्त मित्र दर श्रावणात त्याच्यासाठी जात असू. त्या वर्षी उसळणारा एकच नर होता.

लेआउट रानात पसरू लागलं तेव्हा आम्ही सरकारकडे हरकत घेतली. काम थांबलं, ताईच्या घरासकट.

"पाखराले घर पाहिजे अन् बहिणीले नाही पाहिजे?" ताईने विचारलं.

"त्याले दुसरीकडं भाड्यानं भेटत नाही, ताई."

"मले तरी कुठं भेटून राहिलं गा?"

भाऊजी वर्तमानपत्राआडून म्हणाले, "साला शिकलेला असला की असंच होते."

शेवटी बैठक झाली. अधिकारी होते, बिल्डर होता, आम्ही होतो. ठरलं ते खरोखर शहाणपणाचं होतं: पूर्वेकडे घरं, पश्चिमेकडचं सगळं रान पक्ष्याला. परतताना आम्ही चौघांनी शहरात सदर भागात थांबून चहा घेतला आणि एकमेकांचं कौतुक केलं. मला एवढंच हवं होतं, की पुढच्या श्रावणात तो नर परत यावा. ताईचं घर होत होतं; त्याचंही शाबूत राहिलं होतं.

मग राखलेल्या रानाचं उद्घाटन निघालं. मांडव उभा राहिला, शाली आल्या, पाहुणे आले आणि पाहुण्यांबरोबर टेम्पो भरून रोपं आली. कडुनिंब, गुलमोहर, करंज. गवतात यंत्राने ओळीने खड्डे खणून ठेवले होते. मी संयोजकांना बाजूला घेऊन सांगितलं, की हा पक्षी उघड्या गवतातला आहे. झाडं वाढली की तो यायचा नाही. झाडावर बसून कावळे त्याची अंडी हेरतील. संयोजकांनी ऐकून घेतलं आणि माइकवर जाहीर केलं, "झाडाले विरोध करणारे पक्षीमित्र आज पहिल्यांदा पाहिले!" लोक हसले. पाहुणे म्हणाले, "झाडच नसलं तर पक्षी बसंल कुठं?" टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत बसलेली माझी ताईसुद्धा मनापासून टाळ्या वाजवत होती.

प्रत्येक रोपाशी एकेका मान्यवराच्या नावाची पाटी लागली. फिरणाऱ्यांसाठी फरसबंद वाट झाली. साप येतात म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत कापलं जाऊ लागलं. आम्ही तक्रार केली, तेव्हा उत्तर मिळालं की लावलेलं झाड काढायला परवानगी लागते आणि पर्यावरणाच्या कामात अशी परवानगी कोणी देत नाही.

ताई घरात राहायला गेली. घर छान झालं. रोपांना पाणी घालणारा टँकर उन्हाळा लागताच बंद झाला, तेव्हा ताईने घरासमोरची ओळ आपल्याकडे घेतली. गुडघे दुखत असताना रोज बादलीने पाणी नेई. मला म्हणे, "तुयं पाखरू येईन तवा त्याले सावली नको का?" घर मिळाल्यावर तिला त्या पक्ष्याबद्दल एकदम माया वाटू लागली होती. मी दर वेळी विषय बदलला.

श्रावण आला. मी रोज सकाळी तिच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन बसलो. वाटेवर लोक फिरताना दिसले, कुत्री दिसली, करंजांच्या पाट्यांवर कावळे दिसले. पावसाने ओढ दिली होती आणि ऊन चटचट लागत होतं. श्रावण सरत आला तेव्हा ताई चहा घेऊन वर आली.

"काहून नाही आला गा तो?"

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. तिने चहा कठड्यावर ठेवला.

"म्हणजे मी पाणी टाकू टाकू त्याले हाकललं?"

"तू नाही ताई. झाडं तू थोडीच लावली."

"जगवली तं मीच." मग म्हणाली, "मले त्या दिवशीच काहून नाही थांबवलं? टाळ्या वाजवून राहिली होती मी."

ती खाली गेली. मला वाटलं देवघरात गेली असेल. पण गच्चीवरून ती फाटकाबाहेर दिसली, हातात भरलेली बादली. मी खाली धावलो. ती एका कडुनिंबापाशी उभी होती. त्याची पानं उन्हाने मान टाकून लोंबत होती. शेजारच्या पाटीवरचं मान्यवरांचं नाव मात्र टवटवीत होतं.

"सोडून द्यावं म्हटलं आजपासून," ती म्हणाली. "पण जित्या झाडाले कशी मारू गा मी?"

तिने बुंध्याशी हळूहळू पाणी ओतलं आणि माझ्याकडे न पाहता पुढच्या झाडाकडे गेली.