वहिनींचा ब्रेक

आमच्या वहिनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, त्यावर सत्तावीस वर्षं पाय ठेवून बसलेली बाई. मलाही गाडी त्यांनीच शिकवली. आजही मी चालवत असलो आणि त्या शेजारी असल्या, की वळण यायच्या आधी त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. माझ्या गाडीत तिथे ब्रेक नाही हे त्यांना माहीत आहे, पण पायाला कोण सांगणार?

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्यांचा नवरा. घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून काम आणि घरी आला की कॉम्प्युटरवर राक्षस मारत बसायचा. "पन्नाशी उलटली, पोरखेळ शोभतो का?" वहिनींचं ठरलेलं वाक्य. दरवर्षी आम्ही दोघे भाऊ गेमच्या चाहत्यांच्या मेळाव्याला जायचो, तेव्हा तर त्या दोन दिवस अबोला धरायच्या.

तीन वर्षांपूर्वी दादाला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, डावा हात चालवा, स्वतःचं स्वतः करू द्या. पण दादाने हिंमतच सोडली. दाबायला दिलेला चेंडू भिरकावून द्यायचा. वहिनी भरवतील ते खायचा, चढवतील तो शर्ट घालायचा. गेमचं तर नाव नाही, कारण सगळ्या गेमना दोन हात लागतात.

त्या वर्षीच्या मेळाव्याची तिकिटं आधीच काढलेली होती, आणि तिकीट वाया घालवणं वहिनींच्या रक्तात नाही. दादाला माझ्या बायकोवर सोपवून त्या माझ्याबरोबर आल्या. गेममधल्या पात्रांची सोंगं, पुठ्ठ्याच्या तलवारी आणि निळी रंगवलेली तोंडं पाहून नाक मुरडलं, आणि बसायला खुर्ची शोधत वरच्या मजल्यावर गेल्या. संध्याकाळी मी शोधत गेलो, तर गेम कसा बनवतात याचं सत्र चाललेलं आणि बाई पहिल्या रांगेत, वहीत लिहून घेतायत!

"भावजी, एका हाताने खेळायचा गेम बनवता येतो म्हणे. मी विचारलं," परतताना त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मेळाव्यातलं असं एकही सत्र त्यांनी सोडलं नाही. शेवटी हात वर, आणि प्रश्न एकच: "हे डाव्या हाताने जमेल का?" घरी शिकवण्या आटोपल्या की कॉम्प्युटरशी झटापट. मी हसलो की म्हणायच्या, "दात काढू नका. गाडी भिंतीतून आरपार का जाते, ते सांगा."

अखेर गेम झाला. अरुंद गल्लीतून गाडी काढायची आणि टोकाच्या गॅरेजमध्ये लावायची. चारच बटणं, डाव्या पंजात मावतील अशी. दादाने घरी दोनदा हात लावून पाहिला. वहिनी मागे उभ्या: "डावीकडे. अहो, डावीकडे! थांबा, थांबा!" त्याने कीबोर्ड बाजूला सारला. "तूच खेळ," म्हणाला.

यंदा त्यांनी दादालाच मेळाव्यात आणलं. "इथेही नाही खेळले, तर नाद सोडला मी," मला बजावून सांगितलं होतं. सत्र चाचणीचं होतं. प्रत्येकाने आपला अर्धाकच्चा गेम टेबलावर मांडायचा, दुसऱ्याने खेळायचा आणि बनवणाऱ्याने मागे गप्प बसायचं. सूचना नाही, मदत नाही. "विकत घेणाऱ्याच्या घरी तुम्ही जाणार आहात का सांगायला?" सत्र घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

वहिनींच्या टेबलावर आधी एक पंखवाली मुलगी बसली. पाठीला दोन-दोन हात लांब पंख, दारातून आडवी आत आली होती. तिने पहिलं बटण दाबलं मात्र, वहिनी सुरू: "डावीकडे! आता सरळ! अगं ब्रेक!" मिनिटभरात गाडी गॅरेजमध्ये.

"कसा वाटला?" सत्र घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

"काय माहीत," मुलगी म्हणाली, "काकू सांगत होत्या तेच मी केलं. मी खेळलेच नाही."

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी मागच्या रांगेत बसलेल्या दादाकडे पाहिलं. शर्ट त्यांनीच चढवलेला, केस त्यांनीच विंचरलेले. मग उठून त्याला टेबलापाशी आणलं, मागच्या खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

दादाने गाडी भिंतीला घातली. परत घातली. सात वेळा, आठ वेळा. माझ्याच जिभेवर 'डावीकडे' आलं होतं. वहिनींनी ओठ मिटलेले आणि पाय जमिनीत रुतवलेला. अकराव्या धडकेनंतर दादाने बोट उचललं. मला वाटलं, संपलं.

पण तो नुसता बघत होता, घड्याळ उघडल्यावर बघायचा तसा. मग त्याने गाडी सुरुवातीच्या चौकात फिरवली आणि अख्खी गल्ली रिव्हर्समध्ये पार केली. भिंतीला न लागता गाडी उलटी गॅरेजमध्ये शिरली.

"असंही जाता येईल, हे माझ्या डोक्यातच नव्हतं," वहिनी पुटपुटल्या.

दादाचा अर्धा चेहरा हसला. "पुन्हा," तो म्हणाला. तीन वर्षांत त्याने स्वतःहून काही मागितल्याचं मला आठवत नाही. वहिनी ढसाढसा रडल्या, आणि पंखवाली मुलगी घाबरून त्यांच्यासाठी पाणी आणायला धावली.

दुपारी उपाहारगृहात डबा उघडला. सवयीने वहिनींनी चमचा भरून दादाच्या तोंडापर्यंत नेला, आणि मध्येच थांबल्या. चमचा परत ताटात, त्याच्या डाव्या हाताशी ठेवला.

पहिला घास शर्टावर सांडला. दुसरा टेबलावर. मी रुमाल पुढे केला.

"भावजी, हात मागे," त्या हळूच म्हणाल्या.

तिसरा घास तोंडात गेला. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या, जणू काही झालंच नाही. टेबलाखाली मात्र त्यांचा उजवा पाय जमिनीवर गच्च दाबलेला होता.