देवीचा डावा डोळा

देवगाव रंगारीच्या त्या देवळात मूर्ती नाही, भिंतीवर रंगवलेली देवी आहे. दर नवरात्राआधी माझे वडील तिला नव्यानं रंगवतात. साडी, दागिने, वाघ कुणीही रंगवावा. डोळे मात्र शेवटी, उपाशी पोटी आणि वडिलांनीच काढायचे. डोळे उघडले की ती देवी झाली. त्यानंतर तिला ब्रश लावायचा नाही की फडकं.

अलीकडे वडिलांचा हात थरथरतो. गोळ्या चालू आहेत. यंदा जाऊ नका म्हणून मी किती बजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी वाळूजच्या कंपनीत रजा टाकून मीच त्यांना घेऊन गेले. साडी मी रंगवली, वाघही मीच. तो जरा मांजरावर गेला, म्हणून वडील दिवसभर हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उजवा डोळा काढला. इतका सुरेख, की मला भरून आलं. हत्ती गेला, आता शेपूट तेवढं राहिलं, असं वाटलं. आणि डाव्या डोळ्याला हात सटकला. काळी रेघ थेट गालावर उतरली.

रंग ओलाच होता.

"दादा, पुसते मी," मी वडिलांना म्हणाले.

"नाय. ती बघायला लागली. आता पुसणं म्हंजी डोळा फोडणं."

मला त्यांचा भयंकर राग आला. रंगच तो, पुसला की गेला! पण फडकं हातात असून माझाही हात पुढं होईना.

तेवढ्यात देवळाशेजारच्या मावशी हळदीकुंकू घेऊन आल्या. "अगं बाई, देवी रडती की!" म्हणत त्या मटकन खाली बसल्या. बघता बघता गाव गोळा झाला. वडील ज्याला त्याला हात दाखवत होते, "अहो, हा हलला." लोक त्याच हाताला नमस्कार करू लागले.

मावशी भिंतीला डोकं टेकून रडत होत्या. "माय, लेक नको नको म्हणत व्हती, तरी परत सासरी धाडली मी. म्हणून रडती ना तू?"

वडील त्यांच्याजवळ बसले. "मावशी, तसं काय नाय. माझ्या हातानं झालं हे."

"तुमच्या हातानं तीच बोलली ना, दादा."

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी हातातलं फडकं घडी करून पिशवीत टाकलं.