पोंगल विशेषांकावरची गाय

१९ डिसेंबर रोजी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मुंग्यांनी माझे नाक खाल्ल्याची नोंद मी केली. नाक चित्रातले होते. परंतु ते चित्र एका तमिळ साप्ताहिकाच्या पोंगल विशेषांकाचे मुखपृष्ठ होते. माझे खरे नाक गेले असते, तर घरात एवढा आरडाओरडा झाला नसता!

माझे वडील तीस वर्षे तंजावुरात बसून मुखपृष्ठे रंगवत आले आहेत. पोंगलची सुवासिनी म्हणून दर वर्षी अम्मा त्यांच्यासमोर उभी राहते. यंदा तिचे गुडघे दुखत होते, म्हणून मडके घेऊन मी उभी राहिले. त्यातच नव्या संपादकांनी फोनवर बजावले होते, "सर, एकोणीस तारखेला दुपारी बारापर्यंत स्कॅन आला नाही, तर संगणकावर केलेलं चित्र छापतो. पुढच्या वर्षीपासूनही मग तेच." अप्पांनी "सरी", म्हणजे 'बरं', एवढेच म्हणून फोन ठेवला, आणि त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा रसम मागितले नाही. (आमच्या घरात याहून गंभीर लक्षण नाही.)

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे. वाळलेल्या रंगाला तडे जाऊ नयेत म्हणून अप्पा त्यात मधाचा थेंब घालतात.

"एक थेंब म्हणजे नेमका किती?" मी विचारले.

"थेंबाएवढा."

असे उत्तर शास्त्राला मान्य होण्यासारखे नाही. मी मोजूनमापून गुळाचा पाक केला आणि रंगात पंधरा टक्के मिसळला. प्रयोग यशस्वी झाला: रंगाला एकही तडा गेला नाही. कारण तो वाळलाच नाही!

एकोणीस तारखेच्या पहाटे चित्राला बोट लावले, तर बोट चिकटले. घरातली हवा दमट आणि स्थिर. रस्त्याकडच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, मात्र वारा होता. मी चित्र तिण्णैवर आडवे ठेवले आणि वेळ लिहून घेतली. मार्गळी हा दारात रोज पहाटे मोठी रांगोळी काढायचा महिना असल्याने सहाच्या सुमारास अम्माने तिण्णैखाली दाराएवढे कोलम काढले, तेही तांदळाच्या पिठाचे. पूर्वी ती दगडाची पूड वापरी. "कोलम हे मुंग्यांना अन्न मिळावे म्हणून असते" असे व्याख्यान मीच तिला दिले होते. मुंग्या आल्या. पीठ खाल्ले. वर गोडही ठेवलेले आहे, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही.

त्यांनी सुरुवात नाकापासून केली, कारण तेथे रंगाचा थर सर्वांत जाड होता. (मूळ नाकही तसे बेताचे नाही.)

"अय्यो! अहो, हिचं नाक नेलं हो!" अम्मा ओरडली. "तीस वर्षं उभी राहिले मी, माझ्या नाकाला कुणी हात लावला नाही!"

"अम्मा, घाबरू नकोस. परिस्थिती आटोक्यात आहे."

मी ओल्या कापसाने मुंग्या टिपल्या. त्यांच्याबरोबर उजवा गाल आला. गाल सुकवावा म्हणून केस वाळवायचे यंत्र लावले, तेव्हा हनुवटी वितळून मडक्यात उतरली!

"अजून काही राहिलंय?" अप्पांनी दारातून विचारले.

"डोळे आहेत, अप्पा."

"मग बाजूला हो. आणि पोरी, हात मागे बांध."

त्यांनी माझा सगळा चेहरा, डोळे तेवढे वगळून, पाण्याने पुसून काढला. नवा रंग कालवला, त्यात मधाचा थेंब घातला. (थेंबाएवढाच.) अम्मा पंख्याने वारा घालत होती. साडेदहापर्यंत माझ्या जागी, माझ्याच डोळ्यांनी पाहणारी, पोंगलच्या सणात पुजतात तशी झेंडूच्या माळा घातलेली एक गाय उभी राहिली. मडके तिच्या पुढ्यात गेले. बारा वाजायला आठ मिनिटे असताना राजवाड्याजवळच्या दुकानातून स्कॅन रवाना झाला.

सव्वाबाराला संपादकांचा फोन आला. अप्पांनी तो सर्वांना ऐकू येईल असा ठेवला.

"सर, काय गाय आहे! संगणकाला असे डोळे जमणार नाहीत. पुढच्या वर्षीचंही तुम्हीच काढा. ही कुठं पाहिलीत?"

"घरचीच आहे," अप्पा म्हणाले, आणि अम्माला त्यांनी रसम गरम करायला सांगितले.

अंक निघाल्यावर मुखपृष्ठाविषयी आलेल्या वाचकपत्रांचे मी वर्गीकरण केले. गाईच्या सौंदर्याची स्तुती करणारी: १४. अशी गाय कोठे मिळेल, हे विचारणारी: २. गाय जरा अतिशहाणी दिसते, अशी तक्रार करणारी (अम्माच्या हस्ताक्षरातील): १.