घागर दुसऱ्यांदा बाहेर आली तेव्हा

नागपंचमी जवळ आली की अजिंठ्याच्या डोंगराखालचं ते गाव मला अजून तसंच दिसतं. देवळापुढचा पार, भगव्या फडक्यानं तोंड झाकलेली तांब्याची घागर आणि तिच्यापुढं पदर खोचून उभी असलेली एक विधवा बाई. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण भरदिवसा, सगळ्या गावासमोर, लाठी न उगारता जिंकलेली केस ही एकच.

मी तेव्हा फर्दापूरच्या बाजूच्या एका ठाण्यात फौजदार होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत वर चढलो. माझे वडील छावणीच्या आठवडी बाजारात जनावरांची दलाली करत. थेट साहेब म्हणून आलेल्यांना याची फार गंमत वाटे. ‘दलालाचा पोरगा’ हे शब्द मी बंद दारामागून ऐकलेले आहेत. विसरलेलो नाही, विसरायचा विचारही नाही.

खबर आणली एका मणियार चाचांनी. पंचमीच्या आधी माहेरी आलेल्या लेकी नव्या बांगड्या भरतात, म्हणून ते गावोगाव फिरत. बांगडी चढेपर्यंत बाई जे बोलते ते नवऱ्यालाही सांगत नाही, असं ते म्हणत. ठाण्यात येऊन त्यांनी पेटी खाली ठेवली.

“सायब, पंचमी कू एक बेवा का हात नागोबा की घागर में डालने वाले हैं.”

“कशासाठी?”

“सास की सोने की माळ गुम हुई. देवर बोलता, इसनेच चुराई. नाग डसा तो चोर, नई डसा तो साव. पीछे एक औरत गई ना सायब वैसीच. मय्यत कू भी कोई नई आया, चोर बोलके.”

त्या गावचा हा रिवाज जुना होता. देवस्थानच्या बुवांकडं जिवंत नाग असे. कुणावर आळ आला की त्यानं फडक्याखालून घागरीत हात घालायचा. पाप्याला नाग सोडत नाही, असा गावाचा विश्वास. आधीची बाई मेली तेव्हा कुणी फिर्यादच दिली नव्हती. आपली बाई पापी होती, हे ठाण्यात लिहून कोण देणार?

मी त्या विधवेला भेटलो. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. तिनं दिराकडं जमिनीतला नवऱ्याचा वाटा मागितला आणि पुढच्याच आठवड्यात सासूची माळ नाहीशी झाली. मी म्हणालो, “बाई, भिऊ नका. मी हे थांबवतो.”

ती उखडली. “थांबवू नका साहेब. पोलिसानं थांबवलं तर गाव म्हणणार, चोर व्हती म्हणून पोलिसाच्या आड लपली. मला माहेर नाय. याच गावात ऱ्हायचंय, याच मातीत.”

“आणि नाग डसला तर?”

“तर मेल्यावं म्हणतील चोर. लपले तर जित्तेपणी म्हणतील. सांगा, कोन्तं बरं?”

मला राग आला. तिच्यावर नव्हे.

वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, “धार्मिक बाब आहे. लोकभावना दुखावेल असं काही करू नका. फक्त बंदोबस्त ठेवा.” जादूटोणाविरोधी कायदा तेव्हा आलेला नव्हता. साप पकडून ठेवायला वन्यजीव कायद्यानं बंदी होती, पण पंचमीच्या तोंडावर देवळातला नाग उचलला असता तर गावात दंगल झाली असती. वर बाईचं नाव डागाळलेलंच राहिलं असतं. फोन इतक्या जोरात आपटला की ठाणे अंमलदार दचकून उभा राहिला.

मग मी बुवांना चहाला बोलावलं. चौकशी म्हटलं असतं तर ते शंभर माणसं घेऊन आले असते. चहा म्हटल्यावर एकटे आले. गोरेपान, गोड बोलणारे गृहस्थ.

“नाग खरा आहे का हो बुवा?” मी विचारलं.

“म्हणजे काय साहेब? आधी मी स्वतः हात घालतो, गावादेखत. मग घागर आत जाते, नागोबा दूध घेतो, आणि मग आळ आलेल्याचा हात.”

“दूध आत का? पारावरच पाजा की.”

“देवाचा नैवेद्य चारचौघांत होत नसतो.”

मी आणखी दोनदा फिरवून तेच विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी कप खाली ठेवून उत्तर दिलं. इतर प्रश्नांना ते घोट घेता घेता बोलत होते. जनावरांच्या बाजारात सौदा रुमालाखाली होतो. दलाल आणि गिऱ्हाईक फडक्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात, बाहेर कुणाला कळत नाही. वडील मला म्हणत, “हाताकडं काय बघतो? हात झाकलेला असतो. तोंड उघडं असतंय, ते वाच.” मी बुवांचं तोंड वाचलं.

“होऊ द्या तुमचा कार्यक्रम,” मी म्हणालो. “बंदोबस्त देतो. मी स्वतः पुढं बसतो.”

ते खूश झाले. पोलीस समोर बसले म्हणजे देवस्थानचा मान वाढणार. सौद्यात समोरच्याला आपणच जिंकलो असं वाटलं पाहिजे, हे मला कुठल्या प्रशिक्षण केंद्रात शिकवलेलं नाही.

बंदोबस्त ठरवण्याच्या निमित्तानं बुवांच्या गावाबाहेरच्या मठात गेलो. मागच्या गोठ्यात एक दुभती मुऱ्हा म्हैस बांधलेली होती. वैरण समोर, तरी गावाच्या दिशेनं मान करून सारखी हंबरत होती. धनी बदलला की म्हैस पहिले काही दिवस असंच करते. ही कुणाची, हे माझ्या शिपायानं पाणवठ्यावर सहज विचारून आणलं. विधवेच्या दिराची. निकाल आधीच विकला गेला होता. आता तो गावाला दाखवायचा होता.

पंचमीच्या सकाळी वन खात्याचे दोघे साध्या कपड्यांत गर्दीत उभे केले. जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं इंजेक्शन असल्याची खात्री केली. बाईच्या शेजारी महिला शिपाई ठेवली. तिला एकच हुकूम होता, बाईचा हात फडक्याकडं गेला की मनगट धरायचं आणि सोडायचं नाही.

पारावर मुंगी शिरायला जागा नव्हती. बुवांनी मंत्र म्हटले, फडक्याखाली हात घातला, बराच वेळ आत ठेवला आणि हसत बाहेर काढला. लोकांनी जयजयकार केला. घागर गाभाऱ्यात गेली, दार लागलं, थोड्या वेळानं पुन्हा बाहेर आली. बाई पुढं सरकली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण पाय अडखळला नाही.

मी उठलो. “बुवा, एक विनंती. आणखी एकदा हात घाला.”

बुवांनी वळून माझ्याकडं पाहिलं.

“आत्ताच तर घातला साहेब.”

“तेव्हा मी गर्दीकडं बघत होतो, नीट दिसलं नाही. नाग तोच, घागर तीच. तुमच्या पुण्याईला एवढ्यात काय झालं?”

गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, “घाला की बुवा. साहेबाची इच्छा हाय.” मागून दुसरा ओरडला, “व्हय, घाला, घाला.” बुवांनी फडक्याला हात लावला आणि काढून घेतला. म्हणाले, “नागोबा आता तृप्त आहे. त्याला त्रास नको.”

“तृप्त आहे, तर मग बाईलाही काही करणार नाही,” मी म्हणालो. “चला, तुम्ही आधी.”

त्यांच्या कपाळावर घाम आला. सौद्यात शेवटचा आकडा सांगितला की गप्प राहायचं असतं, जो आधी बोलतो तो हरतो. बुवा बोलले, “साहेब, जरा आत चला, आपण बोलू.”

“आत नाही. इथंच.”

मी खूण केली. वन खात्याच्या माणसांनी गावादेखत घागर उघडली आणि काठीनं नाग बाहेर घेतला. दात शाबूत, फणा हातभर उभा. मग पंच घेऊन गाभाऱ्यात शिरलो. कोनाड्यामागं दुसरी घागर होती, तशीच, तसल्याच फडक्याची. तिच्यातल्या नागाचे दात पकडीनं उपटलेले होते आणि तोंड सुजलेलं होतं. दोन्ही घागरी पारावर शेजारी ठेवल्या, तेव्हा गावाला कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

आता बाईच बोलली. आवाज चढवला नाही. “माझा हात ऱ्हाऊ द्या. आता माझ्या दिराचा घाला. त्याला नाग वळखीचा हाय.”

दीर मागं सरकू लागला. ज्यांनी तिच्या नावानं बोटं मोडली होती, त्यांनीच त्याला धरून पुढं आणलं. ठाण्यात तो दुपारपर्यंत टिकला. म्हशीचं विचारलं तेव्हाच त्याचा धीर सुटला. माळ त्याच्याच कडब्याच्या गंजीत निघाली. पंचनाम्याला सासू आली होती. तिनं माळ पाहिली, सुनेकडं पाहिलं आणि तिथंच खाली बसली. बुवा आणि दीर दोघांना अटक झाली. आधीच्या बाईच्या मृत्यूची फाइल मी स्वतः उघडली. तिचा भाऊ फिर्याद द्यायला आला तेव्हा म्हणाला, “साहेब, आता तिचं वर्षश्राद्ध घालता येईल. माणसं येतील.”

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात घागर वरिष्ठांच्या हातात आहे. लोकभावना सांभाळणाऱ्या त्याच साहेबांच्या. प्रशस्तिपत्रही त्यांनाच. माझी बढती पुढं दोन वेळा हुकली. पण त्या पारावर उभं राहून बुवांच्या कपाळावरचा घाम मी पाहिला, साहेबांनी नाही.

सरकारनं देवाधर्माच्या गोष्टीत पडावं का, असं लोक मला आजही विचारतात. माझं उत्तर ठाम आहे. श्रद्धेत पडू नये, पण विषारी साप माणसाच्या हाताशी आणला की पडावं, आणि आधीच पडावं. रिवाज जुना आहे, हे मला सांगू नका. जुन्या रिवाजात मरणारा माणूस दर वेळी नवा असतो. नुसत्या बंदीनं भागत नाही, हेही मी शिकलो. मी घागर नुसती जप्त केली असती तर बुवा हुतात्मा झाले असते आणि बाई चोर. आधी लबाडी उघडी पाडावी, मग कायद्याचं कुलूप लावावं. पण कुलूप हवंच. प्रत्येक गावाला दलालाचा पोरगा फौजदार म्हणून मिळत नाही.

निवृत्तीनंतर एका पंचमीला मुद्दाम त्या गावावरून गेलो. बाई स्वतःच्या रानात होती. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलेलं होतं. बांधावरच्या वारुळाला तिनं लांबूनच हळदकुंकू वाहिलं, लाह्या ठेवल्या आणि मागं सरली.

मी म्हणालो, “अजून पूजा करता नागाची?”

“करते की. त्याचा काय गुन्हा?” ती म्हणाली. “त्यो त्याच्या बिळात, मी माझ्या रानात.”