आप्पांच्या गाडीचं ॲव्हरेज

लातूर जिल्हा झाला आणि माझ्या सासऱ्यांनी मोटार घेतली. त्याआधी साध्या कागदासाठीही उस्मानाबादला जावं लागायचं. अख्खा दिवस मोडायचा, आणि तेव्हा आप्पा निमूट एसटीनं जायचे. आता कलेक्टर कचेरी आमच्या कापडाच्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर आली. जाण्यासारखं कुठं उरलं नाही, तेव्हा आप्पांच्या मनानं घेतलं, की जिल्ह्याच्या गावातल्या माणसाच्या दारात गाडी पाहिजे.

गाडी हैदराबादहून आली. एका जहागीरदार घराण्यानं ती पुष्कळ वर्षं वापरली होती आणि नंतर पुष्कळ वर्षं नुसती पुसून ठेवली होती. परदेशी बनावटीची, सहा सिलिंडरची. मागची डिकी बघून माझ्या सासूबाई, अव्वा, म्हणाल्या, "ह्यात एक भाडेकरू ठेवता येईल." गाडीबरोबर तिचा ड्रायव्हरही आला. साठी ओलांडलेला, पांढऱ्या दाढीचा, गाडीपेक्षा जास्त स्वच्छ. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. जहागीरदारांनी अट घातली होती, की गाडी पाहिजे तर माणूसही न्यावा लागेल. मला वाटतं, ती अट चाचांचीच असावी.

पहिल्या दिवशी गल्ली जमली. कुणी बॉनेटवर हात फिरवला, कुणी हॉर्न वाजवून पाहिला. रंग, वय, किंमत कुणी विचारली नाही. आमच्याकडे गाडीला एकच प्रश्न विचारतात. तो समोरच्या घरातल्या वकीलसाहेबांनी विचारला, "एका लिटरला किती देते?"

आप्पांनी चाचांकडे पाहिलं.

"बारा देती," चाचा म्हणाले. "बडे साब के टैम से बारा देती."

वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांच्याकडे चार सिलिंडरची गाडी होती आणि तीही बाराच्या आसपास द्यायची. अर्ध्या आकाराच्या आपल्या गाडीनं एवढंच द्यावं, हा त्यांना स्वतःचा अपमान वाटला. त्या दिवसापासून आप्पा दुकानात गिऱ्हाइकाला धोतरजोडी दाखवता दाखवता म्हणू लागले, "सहा सिलिंडर हाय, पण बारा देती."

मी तेव्हा नुकती लग्न होऊन नांदेडहून आले होते. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली सून, ही घरातली दुसरी नवी वस्तू. तिचा उपयोग काय, हे कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. मी माहेरी निघाले तेव्हा आप्पांना तो सापडला.

"सूनबाई, तू सायन्सवाली. गाडीचं ॲव्हरेज काढून आण. वकिलाला कागदावर दाखवू."

लातूरच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली. मी चाचांच्या शेजारच्या सीटवर बसून मीटरचा आकडा लिहून घेतला. अहमदपूरच्या अलीकडे माझ्या ध्यानात आलं, की रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड सोळा मागं पडले तरी मीटर दहाच पुढं सरकतं. मी चाचांना विचारलं, "मीटर बिघडलंय का?"

"बिघडे तुमारे पत्थर," चाचा म्हणाले. "ये मील का मीटर है, बेटी."

नांदेडला टाकी पुन्हा काठोकाठ भरली, तेहेतीस लिटर बसलं. माहेरच्या ओसरीवर बसून मी हिशोब मांडला. सत्त्याऐंशी मैल, म्हणजे एकशेचाळीस किलोमीटर. लिटरला सव्वाचार. मी तीनदा भागाकार केला. मग सुचलं म्हणून मैल आणि गॅलनमध्ये करून पाहिलं, तर बरोब्बर बारा आले. चाचा खोटं बोलले नव्हते. जहागीरदारांच्या काळात पेट्रोल गॅलननं मिळायचं आणि रस्ते मैलांनी मोजले जायचे. मधल्या काळात देशानं मापं बदलली, हे चाचांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

लातूरला परत आले तेव्हा आप्पा दुकानात गादीवर बसले होते. समोर चार गिऱ्हाइकं, आणि नेमके वकीलसाहेब.

"बोल सूनबाई. किती?"

मी सगळ्यांची तोंडं पाहिली. आप्पांचं तर परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या बापासारखं झालं होतं.

"चाचा म्हणतात तेवढंच," मी म्हणाले. "बारा."

कॉलेजात उत्तरापुढं एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण कापायचे. सासरी कुणी कापला नाही. उलट त्या दिवशी अव्वांनी माझ्या पानात तुपाचा चमचा जास्त वाढला.

पुढं दोन वर्षं पाऊस आला नाही. लातुरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. दुकानात फक्त लग्नाचा बस्ता बांधणारे यायचे, तेही हात आखडून. आप्पांनी देवीला बोललेला नवस राहिला होता, म्हणून चैत्रात माहूरला जायचं ठरलं. दुष्काळात देवीला जास्त दिवस ताटकळत ठेवू नये, असं अव्वांचं म्हणणं पडलं. वकीलसाहेब म्हणाले, "मीही येतो. दर्शन बी होईल आन् तुमचे बारा बी डोळ्यानं बघतो."

आप्पा इरेला पेटले. बारा येतातच, पण अकरा आले तर तोंड कुठं लपवायचं? त्यांनी गॅरेजवाल्याचा सल्ला घेतला. त्यानं कार्बोरेटरमध्ये लहान जेट बसवला, म्हणजे पेट्रोल कमी जाईल आणि हवा जास्त. चाचा आठवडाभर तोंड फिरवून होते. निघायच्या दिवशी आप्पांनी डिकीतली स्टेपनी काढून ठेवली, वजन नको म्हणून. अव्वांची कडक भाकरीची दुरडी अर्धी रिकामी करायला लावली. काचा बंद ठेवायचा हुकूम झाला, कारण वारा आत शिरला की गाडी अडते. चैत्राच्या उन्हात, बंद काचांच्या आत, आम्ही पाच माणसं ॲव्हरेजसाठी शिजत निघालो. उतार आला की आप्पा म्हणायचे, "चाचा, बंद करा." चाचा किल्ली फिरवायचे. गाडी आवाज न करता घरंगळत जायची आणि वकीलसाहेब पुढची सीट घट्ट धरायचे.

मी मागं बसून सव्वाचारचा आकडा गिळत होते. दर दहा मैलांनी ठरवायची, आता सांगते. दर दहा मैलांनी आप्पा मागं वळून म्हणायचे, "कशी पळायलीय बघ!"

अहमदपूर सोडलं आणि बॉनेटमधून वाफ निघाली. चाचांनी गाडी एका बाभळीखाली घेतली, रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकलं आणि पहिल्यांदाच आप्पांशी मोठ्या आवाजात बोलले.

"मैं बोला था, साब. पेट्रोल काट दिए तो इंजन तपता. अब पानी मांगरी."

पाण्याचा कॅन डिकीत नव्हता. तोही वजन म्हणून काढला होता.

रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर दहा-पंधरा घरांची वस्ती होती. अव्वा सावलीत बसल्या. आप्पा, वकीलसाहेब आणि मी वस्तीकडे गेलो. पहिल्याच दारात एक बाई निवडायचं सूप घेऊन बसली होती. तिच्यामागं उंबऱ्याच्या आत झाकलेल्या दोन घागरी दिसत होत्या. तिनं विचारायच्या आधीच आत जाऊन तांब्या भरून आणला. आम्ही तिघंही प्यालो. मग आप्पांनी घसा साफ केला.

"बाई, थोडं गाडीला पाहिजे होतं."

"किती?"

"दोनेक घागरी."

बाईनं रस्त्याकडे, बाभळीखालच्या गाडीकडे पाहिलं. मला वाटलं ती चिडेल. तिनं फक्त विचारलं, "एका घागरीला किती जाती ती?"

ज्या माणसानं दोन वर्षं हा प्रश्न स्वतःहून ओढवून घेतला, तो पायातल्या जोड्यांकडे बघत उभा राहिला.

"चार दिस झाले, टँकर न्हाई," बाई म्हणाली. "माणसं कितीबी या, पाणी पाजते. बाई दमली असंल गाडीतली, तिला बी आणा. पर गाडीला न्हाई द्यायची म्या."

वकीलसाहेबांना काहीतरी बोलणं भाग वाटलं. ते म्हणाले, "आता तर तुमचा जिल्हा जवळ आलाय. अर्ज करा की."

"केलाय. पैल्यांदा उस्मानाबादेत देत हुतो, आता लातुरात देतो. चालायचं कमी झालं, तेवढं बरं हाय."

आप्पांनी तिला हात जोडले आणि मागं फिरले. अव्वांना त्या घरी पाणी प्यायला पाठवलं. चाचांनी गाडी सोडून यायला साफ नकार दिला, तेव्हा अर्धी दुरडी त्यांच्याजवळ ठेवली आणि आम्ही चौघांनी नांदेडच्या एसटीला हात केला. बसमध्ये जागा नव्हती. एका विद्यार्थ्यानं अव्वांना जागा दिली. वकीलसाहेब मागं लोटले गेले. आप्पा आणि मी दांडी धरून शेजारी उभे होतो.

"आप्पा," मी म्हणाले, "गाडी बारा देत नाही. सव्वाचार देते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मैल, गॅलन, लिटर सगळं सांगितलं. बसच्या खडखडाटात मला जवळजवळ ओरडून सांगावं लागलं, त्यामुळं आजूबाजूच्या आठ-दहा माणसांनाही ते समजलं.

"कधीपासून ठाऊक हाय?"

"पहिल्यांदा गाडीतून नांदेडला गेले तेव्हापासून."

"मग बोलली का न्हाईस?"

"दुकानात सगळे होते. तुमचं तोंड बघून धीर झाला नाही."

लोहा गाव आल्यावर आप्पा म्हणाले, "वकिलाला ऐकू गेलं का?" मी मागं पाहिलं. वकीलसाहेब एका गाठोड्यावर बसून झोपले होते. आप्पांनी मान हलवली. मग अगदी हळू म्हणाले, "माझं तोंड एवढं वाईट दिसत व्हतं?" मी हो म्हणाले. ते हसले. सासऱ्यांशी माझं खरं बोलणं त्या दिवशी सुरू झालं, असं मी धरते.

माहूरचं दर्शन झालं. हदगावच्या पुढं रस्ताभर कापसाची वाळलेली पऱ्हाटी उभी होती, पण गडावर गर्दी कमी नव्हती. आप्पांनी देवीला काय सांगितलं, ते मला ठाऊक नाही. येताना ते अहमदपूरला उतरले आणि ओळखीच्या अडत्याकडून पाण्याचा टँकर भरून घेतला. आम्ही टँकरच्या मागं त्याच्याच जीपमधून वस्तीवर गेलो. टँकर पाहून लोक घागरी घेऊन धावले. आप्पा जीपमधून उतरेपर्यंत एका म्हाताऱ्यानं जाहीर करून टाकलं होतं, "कलेक्टरसाहेबानं धाडला! नवा जिल्हा झाल्याचं सार्थक झालं." मग वकीलसाहेबांनी खुलासा करायचा प्रयत्न केला. ते शर्ट-पँटमध्ये होते, हातात कागदांची बॅग होती, म्हणून लोकांनी त्यांनाच कचेरीतला माणूस समजून नारळ दिला. आप्पांनी मला खुणेनं गप्प बसवलं. पण मला दिसत होतं, की त्यांना ते लागलं होतं.

त्या बाईनं मात्र आप्पांना ओळखलं. तिनं स्वतःच्या घागरी आधी भरून घेतल्या, आत नेऊन झाकल्या, मग एक घागर डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आली आणि चाचांच्या पुढ्यात ठेवली. चाचा दोन रात्री तिच्याच ओसरीवर झोपले होते आणि तिच्याच घरचं जेवले होते. ते तिला आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणत होते.

लातूरला आल्यावर जुना जेट पुन्हा बसवला. आप्पांनी ठरवलं, आता विचारेल त्याला खरं सांगायचं. दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकानं विचारलं आणि आप्पा ठणकावून म्हणाले, "सव्वाचार."

गिऱ्हाईक गालात हसलं. आठवड्याभरात गावात झालं, की सेठ आता कमी सांगायला लागलेत, लग्नाकार्याला कुणी गाडी मागू नये म्हणून. वकीलसाहेबांचा तर पक्का विश्वास बसला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बारा येतच होते सूनबाई, मी होतो ना गाडीत. मस्त पळत होती." मी त्यांना मैल आणि गॅलन समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सासऱ्याची बाजू घ्यावीच लागते."

शेवटी गाडी उदगीरच्या एका मंडपवाल्यानं नेली. तो पाहायला आला तेव्हा आप्पांनी मलाच पुढं केलं. मी सव्वाचार सांगितलं, रेडिएटरचंही सांगितलं. तो म्हणाला, "असू द्या की ताई. नवरदेव बसवून मारुतीच्या देवळापासनं मंडपापर्यंत न्यायचं. वाजंत्री पुढं चालती, हिला कुठं पळायचंय?" माझ्या माहितीत त्या गाडीच्या ॲव्हरेजविषयी समाधानी असलेला तो एकटाच माणूस.

चाचाही तिच्याबरोबर गेले. मी एका लग्नाला उदगीरला गेले होते तेव्हा ते दिसले. फुलांनी झाकलेली गाडी, पुढं ताशेवाले, आणि पांढऱ्या शेरवानीत चाचा पहिल्या गिअरमध्ये पावलापावलानं येत होते. मला पाहून त्यांनी काच खाली घेतली, अव्वांची तब्येत विचारली, आप्पांना सलाम सांगितला. मागून कुणीतरी ओरडलं तशी गाडी पुढं सरकली.