मेलामाइनच्या ताटातला कापूर

“आई, ताट सोडा!” सून ओरडली. आरतीचं ताट तडकून पेटता कापूर नातीच्या परकरावर पडला होता. सुनेनं तांब्याभर पाणी ओतलं.

पितळी तबक सापडलं नाही, म्हणून मी मेलामाइनच्या ताटात कापूर लावला होता. हेच ताट ओट्यावरून कितीदा पडलं, पण फुटलं नाही. मग कापरानं कसं तडकलं?

सून म्हणाली, “मेलामाइन ही पांढरी पूड असते, ती फॉर्मॅलिन नावाच्या रसायनाबरोबर शिजवून असं ताट बनवतात. एकदा घट्ट झालं की पडून सहसा फुटत नाही, पण आचेनं वितळण्याऐवजी करपतं आणि तडकतं. आपल्या कपाटांवरचा चकचकीत थरही त्याचाच.”

म्हणजे इतकी वर्षं मी तीच पूड पुसते आहे. करपलेला तुकडा हुंगला, तर मासळीचा वास.

“आजी, देवापुढे मासे तळलेस?” नात म्हणाली.

ताट गेलं, परकर जळला. नात सुखरूप आहे.