लाल बोर्डाचा कोपरा

स्वच्छता निरीक्षकाची नोकरी लागली आणि गल्लीने त्याचं नाव ‘दंडोबा’ ठेवलं. दंड मात्र क्वचितच वसूल व्हायचा. पकडावं तो कुणाचा तरी मेहुणा निघे. नाहीतर, "आजच टाकला हो, नेमके तुम्ही आलात," म्हणून उलट यालाच ओशाळं करी. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

बाकी गावाचा कचरा त्याने एक वेळ सोसला असता, पण घरामागचा ढीग नेमका आप्पांच्या खिडकीखाली होता. दम्याने वडिलांना पलंगाला खिळवलेलं. बाहेरचं जग म्हणून उरली होती ती एक खिडकी, आणि तीही वासापायी बंद. शेवटी दंडोबाने तिथे लाल बोर्ड ठोकला: ‘येथे कचरा टाकू नये.’ ढीग दुप्पट झाला!

का, ते एका सकाळी कळलं. समोरच्या काकू नव्या भाडेकरणीला सांगत होत्या, "कुंडीपर्यंत कशाला जातेस? तो लाल बोर्ड दिसतो ना, तिथेच टाकायचा."

दंडोबाने कपाळाला हात लावला. लोकांना खूण हवी होती, ती याने सरकारी खर्चाने पुरवली होती.

त्याने बोर्ड उपटला, कोपरा धुऊन काढला आणि खिडकी उघडली. आप्पा कितीतरी वेळ नुसता श्वास घेत बसले.

दुसऱ्या दिवशी तो दाढी करत असताना खिडकीखालून काकूंचा आवाज आला.

"अरे, इथला बोर्ड कुठे गेला? आता कचरा टाकायचा कुठे?"

तो साबणाच्या तोंडानेच बाहेर धावला. "कुंडीत! कायदा आहे काकू, दंड होईल!"

"कर की दंड. माझे गुडघे काय कायद्याने चालतात?" म्हणत काकू पिशवी खाली ठेवायला वाकल्या.

खिडकीत आप्पांचा हात मुकाट्याने कडीकडे गेला. दंडोबाने तो पाहिला आणि काकूंच्या हातातली पिशवी हिसकून घेतली.

"तू नेतोस होय! मग आधीच सांगायचं ना, उगाच बोर्ड कशाला लावलास?"

तो चरफडत कुंडीकडे निघाला, तर भाडेकरीण दारात पिशवी घेऊन उभी.

"साहेब, काकू म्हणाल्या, आता तुमच्याकडेच द्यायचा."

"मी काय बोर्ड आहे?" दंडोबा कडाडला. मग त्याने मागे वळून पाहिलं. खिडकी उघडीच होती.

त्याने दुसरा हात पुढे केला.